मीटरच्या चष्म्याचा नंबर

२२ जुलै २०२१ च्या पुरानंतर महाडच्या बाजारपेठेतलं माझं दुरुस्तीचं दुकान उघडलं, तेव्हा छताच्या पंख्याच्या पात्यांवर गाळ बसलेला होता. महाबळेश्वरला चोवीस तासांत पाचशे मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला की तो पोलादपूरवरून सावित्री नदीत उतरतो, इकडून गांधारी येऊन मिळते, आणि खाली खाडीला भरती असेल तर पाण्याला जायला वाटच राहत नाही. हे गणित आमच्याकडे शाळकरी पोरालाही येतं. त्या दिवशी तळियेत दरडीखाली ऐंशीहून जास्त माणसं गेली, पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि सुतारवाडीत घरं गाडली गेली. त्यापुढे दुकानदाराने मीटरचं रडगाणं गावं हे बरं दिसत नाही. पण वीज आली, पंचनामे झाले, आणि माणसं आपापली हत्यारं घेऊन यायला लागली. वायरमन, पंप दुरुस्त करणारे, एमआयडीसीत देखभालीच्या कामावर जाणारे. दोन-तीन आठवड्यांत टेबलावर बुडालेल्या मल्टिमीटरचा ढीग झाला.

त्या ढिगाने मला जे शिकवलं ते इथे सांगतो. हातातलं मोजमाप यंत्र आतून कसं विचार करतं, तो विचार लिहिलेला कुठे असतो, आणि कंपनीने काहीही सांगितलेलं नसताना तो बाहेरून कसा वाचायचा, हा विषय. या कामाला सगळे रिव्हर्स इंजिनीअरिंगच म्हणतात. मी त्याला ‘उलट उकल’ म्हणतो. कोडं तयार आहे, उत्तरही समोर दिसतंय, फक्त ते सोडवलं कसं हे शोधायचं.

सुरुवात पिवळ्या मीटरपासून, कारण तो प्रत्येकाच्या पिशवीत असतो. डीटी-८३० जातीचा, दोन-अडीचशे रुपयांचा. यात फर्मवेअर, म्हणजे चिपमध्ये भरलेला प्रोग्राम, ही गोष्टच नाही. आत आयसीएल७१०६ किंवा तिची नक्कल असलेली चिप असते, आणि ती काम करते टाकीसारखं. मोजायच्या व्होल्टेजने एक कपॅसिटर ठरावीक वेळ, म्हणजे घड्याळाचे १००० ठोके, भरायचा. मग माहीत असलेल्या संदर्भ व्होल्टेजने तो रिकामा करायचा आणि रिकामा व्हायला किती ठोके लागले ते मोजायचे. ते ठोके हाच पडद्यावरचा आकडा. संदर्भ १०० मिलिव्होल्टचा असेल आणि रिकामं व्हायला ७३५ ठोके लागले, तर ७३.५ मिलिव्होल्ट. सगळं गणित तारांमध्येच बांधलेलं. चुकलं तर पाटीवरचा छोटा पिवळा-निळा स्क्रू, म्हणजे ट्रिमर, फिरवायचा. असे मीटर मी साध्या पाण्याने धुतले, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले, रोटरी स्विचचे पट्टे घासले, पडद्याखालचा काळा-गुलाबी रबरी पट्टा साफ केला. बरेचसे उठले. यात उकलायला काही नाही, पण पुढचं समजायला हा मीटर डोक्यात ठेवावा लागतो.

दुसऱ्या जातीच्या मीटरमध्ये तो स्क्रू दिसत नाही. ६००० काउंटचे, स्वतःच रेंज निवडणारे, हातभर वैशिष्ट्यं असलेले आजचे स्वस्त मीटर. आत काळ्या लाखेच्या ठिपक्याखाली मुख्य चिप आणि शेजारी आठ पायांची एक बारकी चिप. तिच्यावर २४सी०२ असं लिहिलेलं असतं. ही ईईप्रॉम. तिच्यात फक्त २५६ बाइट मावतात, म्हणजे या लेखातला एक परिच्छेदही नाही. वीज गेली तरी विसरत नाही. अशा चिपच्या माहितीपत्रकात शंभर वर्षं आठवण टिकण्याची हमी असते.

स्क्रूचं काम ही चिप करते. कारखान्यात मीटरला नेमकं ५०० मिलिव्होल्ट देतात. आतले रेझिस्टर एकसारखे कधीच नसतात, त्यामुळे मुख्य चिपला ते समजा ४९७.३ वाटतात. मग ५०० भागिले ४९७.३, म्हणजे १.००५४३, हा गुणक आकड्याच्या रूपात त्या २५६ बाइटमध्ये लिहून ठेवतात. पुढे आयुष्यभर मीटर जे वाचतो त्याला या गुणकाने गुणून दाखवतो. माणसाचा डोळा तसाच, फक्त चष्म्याचा नंबर लागलेला. हा नंबर प्रत्येक मीटरचा वेगळा, आणि प्रत्येक रेंजचाही वेगळा.

वाचायचा कसा? बाजारात सीएच३४१ए नावाचा प्रोग्रामर मिळतो, पाच-सहाशे रुपयांच्या आत. २४सी०२ चे पाय ठरलेले आहेत: चौथा ग्राउंड, आठवा पुरवठा, पाचव्यावर माहिती, सहाव्यावर घड्याळाचे ठोके, सातवा लिहिण्याला मनाई करणारा. चिमट्यासारखी क्लिप लावून पाटीवरच वाचता येतं असं सांगतात, मीही आधी तसंच केलं. पण क्लिपमधून पुरवठा गेला की मुख्य चिपही अर्धवट जागी होते आणि त्याच दोन तारांवर बोलायला लागते. एका वेळी दोघे बोलले की फाइल कचरा. शिवाय काही प्रोग्रामरच्या माहितीच्या तारा ५ व्होल्टवर असतात आणि मीटरची चिप ३ वर चालणारी. म्हणून चिप सरळ उतरवायची, वाचायची, परत लावायची. वाचायचं तीनदा, आणि तिन्ही फाइली बाइट न् बाइट जुळल्या तरच विश्वास ठेवायचा.

फाइल उघडली की सोळा ओळी, प्रत्येक ओळीत सोळा जोड्या. आकडे सोळाच्या मापात: ० ते ९ आणि पुढे ए ते एफ. पहिल्यांदा बघणाऱ्याला हे कुणीतरी पत्ते पिसून टाकल्यासारखं वाटतं. पोलादपूरहून एसटीने येणारा, आयटीआय झालेला एक मुलगा माझ्याकडे शिकत होता. त्याने स्क्रीनकडे पाहून विचारलं, “काका, यात कुठून सुरुवात करायची?”

सुरुवात भावंडांपासून करायची. एकाच मॉडेलचे दोन मीटर घ्या, दोघांच्या फाइली शेजारी ठेवा. जे बाइट दोघांत सारखे, ते सगळ्या मीटरना लागू असलेल्या सेटिंग. जे वेगळे, तो ज्याचा त्याचा चष्म्याचा नंबर. तिसरा मीटर मिळाला तर आणखी छान, योगायोगाने जुळलेले बाइटही उघडे पडतात. पुराची कृपा म्हणायची तर एवढीच, की एकाच मॉडेलचे पाच मीटर मला एकाच आठवड्यात मिळाले. दहा मिनिटांत आम्हाला २५६ पैकी कोणते बाइट अंगचे आणि कोणते घराण्याचे ते कळलं.

सेटिंग ओळखायला त्याहून सोपं. हा मीटर १५ मिनिटांनी स्वतः बंद होतो. सोळाच्या मापात १५ म्हणजे ०एफ. फाइलच्या सारख्या भागात ०एफ कुठे कुठे आहे ते शोधलं, तर दोन जागा सापडल्या. एकीत ०एफ च्या जागी ०२ लिहून चिप परत लावली आणि मोबाइलवर घड्याळ लावून बसलो. मीटर दोन मिनिटांनी झोपला, म्हणजे ती जागा तीच. दुसरा ०एफ पडद्याच्या दिव्याचे सेकंद निघाले. अंधाऱ्या पॅनेलपुढे उभं राहणाऱ्या वायरमनला पंधरा सेकंदांचा दिवा म्हणजे थट्टाच; तिथे ३सी, म्हणजे ६० लिहिलं. या सगळ्यात नियम एकच: एका वेळी एकच बाइट बदलायचा आणि मूळ फाइलला हात लावायचा नाही. दोन बाइट एकदम बदलले की काय कशामुळे झालं ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

आता माझी फजिती. एका पंपवाल्याचा मीटर पाटीसकट सडला होता, पण ईईप्रॉम शाबूत. त्याच मॉडेलचा दुसरा मीटर माझ्याकडे होता, फक्त त्याची ईईप्रॉम गंजून तिचे पाय तुटलेले. मला वाटलं, देवानेच जोडी जमवली. सडलेल्याची चिप काढली, दुसऱ्याला लावली, मीटर सुरू झाला, सगळ्या रेंज चालू. मी खुशीत. मग सवयीने एडी५८४ च्या संदर्भ पाटीला लावला, तिच्यावर ५.००० व्होल्ट नेमके मिळतात. मीटरने दाखवलं ४.९६८. एकाचा चष्मा दुसऱ्याच्या नाकावर! तो नंबर सडलेल्या पाटीवरच्या रेझिस्टरसाठी काढलेला होता, या पाटीशी त्याचा काही संबंध नव्हता. गंमत अशी की चूक एक टक्क्याहूनही कमी, म्हणून २३० व्होल्टच्या प्लगमध्ये घातला असता तर कधीच कळलं नसतं. बंद पडलेल्या मीटरची भीती नसते हो. भीती असते ती जवळपास खरं बोलणाऱ्याची.

असल्या चुकीने काय बिघडतं असं विचाराल तर बिरवाडीकडे रासायनिक कारखान्यात काम करणाऱ्याला विचारा. पीएच मोजणारा इलेक्ट्रोड २५ अंश सेल्सिअसला एका पीएचमागे साधारण ५९.१६ मिलिव्होल्ट देतो. हातातल्या पीएच मीटरमध्येही हाच चष्मा असतो, फक्त तो कारखान्यात एकदा लावून संपत नाही. वापरणारा दर वेळी ७ आणि ४ च्या बफरमध्ये इलेक्ट्रोड बुडवून बटण दाबतो, तेव्हा मीटर शून्याचा सरकाव आणि उताराचा गुणक नव्याने लिहून ठेवतो. ज्याने कधी बफर वापरून पीएच मीटर जुळवला आहे, त्याने आपल्या हाताने फर्मवेअरच्या वहीत दोन आकडे लिहिले आहेत. त्याला ते ठाऊक नसेल इतकंच.

चष्मा चुकीचा आहे हे कळलं, मग नवा नंबर काढायचा. त्यासाठी शाळेतलं त्रैराशिक पुरतं. आधी वेगळ्या निघालेल्या बाइटच्या जोड्यांपैकी एकेक जोडी थोडी बदलून कोणत्या रेंजचं वाचन हलतं ते पाहिलं. ६ व्होल्टच्या रेंजची जोडी सापडली. तिचा आकडा १०० ने वाढवला तर वाचन ४.९६८ वरून ४.९८३ झालं, म्हणजे १५ मिलिव्होल्ट वर. मला हवेत ३२. शंभर गुणिले ३२ भागिले १५, सुमारे २१३. मूळ आकड्यात २१३ मिळवून लिहिला, मीटरने ५.००० दाखवलं. मग त्याच पाटीवरचे २.५०० आणि १०.०००, म्हणजे पुढची रेंजही, तपासली. ओहमसाठी एक टक्का नव्हे तर ०.१ टक्का अचूकतेचे रेझिस्टर मागवले. एसी तपासायला माझ्याकडे भरवशाचं काही नव्हतं, म्हणून मीटरच्या पाठीवर ‘एसी तपासलेलं नाही’ अशी चिठ्ठी चिकटवली आणि पंपवाल्याला तोंडानेही सांगितलं.

इथवर आपण यंत्राची वही वाचली. आता त्याचं बोलणं ऐकू. हे मला सगळ्यात आवडतं, कारण यात काहीच उघडावं लागत नाही.

काही मीटरच्या पाठीवर इन्फ्रारेड दिव्याची खिडकी असते. तिच्यातून मीटर वाचन बाहेर पाठवत असतो. तार न जोडता प्रकाशातून, कारण मोजायच्या बाजूला ४०० व्होल्ट असले तरी संगणक आणि माणूस दोघे सुरक्षित राहावेत. काही स्वस्त मॉडेलमध्ये चिप बोलते, पण खर्च वाचवायला कंपनीने तो दिवाच बसवलेला नसतो. पाटीवर त्याची रिकामी जागा तेवढी असते. आमच्या हाती लागलेल्या मीटरमध्ये तैवानच्या फॉर्च्यून सेमिकंडक्टर कंपनीची एफएस९७२१ ही चिप होती. खिडकीसमोर इन्फ्रारेड ओळखणारा ट्रान्झिस्टर धरला आणि लॉजिक अॅनालायझरवर लहानात लहान ठोका मोजला: ४१७ मायक्रोसेकंद. एक सेकंद भागिले तेवढं, म्हणजे सेकंदाला २४०० ठोके. वेग कळला. मग यूएसबीची सीरियल पट्टी लावली आणि स्क्रीनवर बाइट वाहायला लागले.

चौदा-चौदा बाइटचे गट येत होते. आधी पोराच्याच लक्षात आलं की प्रत्येक बाइटचा पहिला आकडा क्रमाने वाढतोय: १, २, ३ असं ९ पर्यंत, मग ए, बी, सी, डी, ई, आणि पुन्हा १. म्हणजे अर्धा बाइट हा नुसता अनुक्रमांक. कुणाच्या मागे कोण हे चुकू नये म्हणून लावलेला. खरी माहिती उरलेल्या अर्ध्या बाइटमध्ये, आणि त्यात १, २, ४, ८ या चार वजनांची बेरीज असते. चारपैकी प्रत्येक वजन म्हणजे चालू किंवा बंद असलेलं एक बटण.

मग पॉवर सप्लायचं बटण हळूहळू फिरवून पडद्यावरचा फक्त शेवटचा आकडा बदलत गेलो. बदलत होते फक्त आठवा आणि नववा बाइट. वहीत आम्ही लिहिलं. पडद्यावर १ असताना ८० ९५. पडद्यावर ७ असताना ८१ ९५. पडद्यावर ४ असताना ८२ ९७.

मुलगा म्हणाला, “एकासाठी पाच का? एकच पाठवायचा ना.” इथेच मजा आहे. मीटर आकडा पाठवतच नाही. सात काड्यांनी आकडा कसा मांडतात आठवा, कॅलक्युलेटरवर असतो तसा. १ म्हणजे उजवीकडच्या दोन काड्या. नवव्या बाइटमधला ५ म्हणजे १ अधिक ४, म्हणजे दोन बटणं. जुळलं. ७ मध्ये त्या दोन काड्या तशाच आणि वर एक आडवी. आठव्या बाइटमध्ये १ वाढला. म्हणजे आठव्यातला १ ही वरची आडवी काडी. ४ मध्ये उजवीकडच्या दोन, डावीकडची वरची, आणि मधली आडवी. आठव्यात २ आला आणि नवव्यात ५ च्या जागी ७, म्हणजे १, २ आणि ४. या दोन नव्या बटणांपैकी मधली कोणती? ३ लावून पाहिलं: ८१ ९एफ. तीनमध्ये मधली काडी आहे पण डावीकडची नाही. नवव्यातला २ तिथे आहे, आठव्यातला २ नाही. म्हणजे नवव्यातला २ मधली, आठव्यातला २ डावीकडची वरची, आणि नवव्यात नव्याने आलेला ८ ही खालची आडवी. मग २ लावला: ८५ ९बी. बी म्हणजे अकरा, म्हणजे १, २, ८. चार गेला. दोनमध्ये उजवीकडची खालची काडी नसतेच, म्हणून नवव्यातला ४ ती, आणि १ उजवीकडची वरची. आठव्यात ४ आला, तो डावीकडची खालची. सातही काड्या सापडल्या.

मी पडद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, आता सहासाठी काय येईल ते बघण्याआधी लिही. त्याने विचार करून लिहिलं: ८७ ९ई. सप्लाय सहावर आणला. स्क्रीनवर ८७ ९ई. त्या दिवशी पोलादपूरची शेवटची एसटी त्याने चुकवली, ती या आनंदात.

आधीच उत्तर सांगता येणं, ही या कामातली एकमेव खरी परीक्षा. जुनी निरीक्षणं नव्या समजुतीत बसवणं कुणालाही जमतं. न पाहिलेलं सांगून ते खरं निघालं, तर समजलं. बाकी मग हमाली: दुसऱ्या बाइटमध्ये ८ मिळाला की उणे चिन्ह, चौथ्या, सहाव्या किंवा आठव्या बाइटमध्ये ८ आला की त्या-त्या आकड्याआधी दशांश चिन्ह, पहिल्या बाइटमध्ये एसी-डीसीच्या खुणा आणि शेवटच्या पाचांत व्होल्ट, ओहम, मिली, किलो. ज्यांना हे सगळं पुन्हा करायचं नाही त्यांच्यासाठी सिग्रोक नावाची खुली, फुकट प्रणाली आहे. तिच्यात या चिपसकट कितीतरी मीटरच्या बोली जगभरच्या लोकांनी अशाच उकलून ठेवल्या आहेत. तरी एकदा स्वतः करून बघा.

खरं फर्मवेअर, म्हणजे मुख्य चिपच्या पोटातली सूचनांची रांग, हा याच्या पुढचा जिना, आणि तो मी थोडक्यात चढतो. काळ्या ठिपक्याखालच्या मीटर-चिपमध्ये ती कारखान्यातच कोरलेली असते, तिथे हात पोचत नाही. पण हातातले ऑसिलोस्कोप, चांगले मीटर, गॅस मोजणारी यंत्रं यांत बहुधा सर्वसाधारण मायक्रोकंट्रोलर असतो, एसटीएम३२ सारखा, आणि पाटीवर त्याच्या डीबगच्या चार-पाच चकत्या. तिथून आतली फाइल मिळाली तर ती खरी की कचरा हे पहिल्या आठ बाइटवरून कळतं. ००५०००२० असं दिसलं तर बाइट उलट क्रमाने वाचा: २०००५०००. या चिपमध्ये २० ने सुरू होणारे पत्ते म्हणजे तात्पुरती मेमरी, ०८ ने सुरू होणारे म्हणजे कायमची. पहिला आकडा तात्पुरत्या मेमरीतला आणि दुसरा ०८ वाला व विषम असेल, तर हे यंत्र जागं झाल्यावर पहिल्यांदा कुठे पाहतं तो तक्ता तुम्हाला सापडला. मग फाइलमध्ये वाचता येणारे शब्द शोधायचे. ‘ओव्हरलोड’, ‘लो बॅटरी’ असे पडद्यावर दिसणारे शब्द आत जसेच्या तसे असतात. तो शब्द कोण वापरतं हे मागे-मागे शोधत गेलं की बॅटरी मोजणारा भाग हाती लागतो. या कामासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने २०१९ मध्ये घिड्रा हे साधन फुकट खुलं केलं. हेरांचं हत्यार आमच्या गल्लीत मीटर उघडायला आलं, हेही एक नवलच.

पण बरेचदा फाइल मिळतच नाही. कंपनी कुलूप लावते. एसटीएम३२ मध्ये कुलपाच्या पायऱ्या आहेत: पहिल्या पायरीवर कुलूप काढता येतं, पण काढताच आतलं सगळं आपोआप पुसलं जातं, दुसऱ्या पायरीवर ते कायमचंच. माझा सल्ला, कुलपाशी झटू नका. ते यंत्र पुसून त्यात आपलं काही घालता येईल का ते पाहा. याचं सुरेख उदाहरण म्हणजे तीन पायांत कुठलाही भाग अडकवला की ‘हा एनपीएन ट्रान्झिस्टर, हे त्याचे पाय’ असं सांगणारा छोटा टेस्टर. त्याची मूळ रचना जर्मनीतल्या मार्कुस फ्रेयेक यांची, पुढे कार्ल-हाइन्झ क्युबेलर यांनी वाढवलेली, आणि तिचा मूळ प्रोग्राम सगळ्यांसाठी खुला. बाजारातले स्वस्त टेस्टर याच रचनेच्या नकला. कुलूपबंद नक्कल वाचण्यापेक्षा ती पुसून तिच्यात खुला प्रोग्राम भरणं शहाणपणाचं.

हे सगळं चालतं का, असं एका वकील मित्राने विचारलं होतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ वाचा. कायदेशीर मार्गाने हाती आलेला प्रोग्राम कसा चालतो ते पाहणं, अभ्यासणं, तपासणं, त्यामागची तत्त्वं शोधणं, आणि दुसरा प्रोग्राम त्याच्याशी जुळवण्यासाठी लागणारी, सहज न मिळणारी माहिती मिळवणं, याला त्यात मुभा आहे. कंपनीचा प्रोग्राम काढून आपल्या डब्यात भरून विकायला मुभा नाही. मधला एक प्रांत मात्र धूसर. २०१३ मध्ये फ्लिर कंपनीच्या ई४ या हातातल्या उष्णताचित्र कॅमेऱ्यात लोकांना आढळलं की ८० गुणिले ६० ठिपके दाखवणाऱ्या या स्वस्त मॉडेलमध्ये महागड्या ई८ चाच, ३२० गुणिले २४० चा, संवेदक बसवलेला आहे. फरक एका सेटिंग फाइलचा, आणि तिच्या शेवटी असलेल्या तपासणीच्या आकड्याचा. तो आकडा कसा काढतात ते कळलं आणि कॅमेरे उघडले. मला विचाराल तर विकत घेतलेल्या वस्तूच्या आत काय आहे ते पाहायचा हक्क माझा. पण ई४ उघडून तो ई८ म्हणून दुसऱ्याला विकणारा लबाडच.

एक कडक सूचना. मीटरच्या आतून तार काढून ती संगणकाला जोडलेली असताना प्रोब घरच्या विजेला लावू नका, मीटरवर सुरक्षेची कॅटेगरी तीन छापलेली असली तरी. ती हमी बंद डब्याची असते, भोक पाडलेल्याची नव्हे. आणि ज्याच्या वाचनावर कारखान्यातली नोंद होते, ते यंत्र असल्या प्रयोगात ओढू नका. ते एनएबीएलची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेतच जाऊ द्या.

महाड-पोलादपूरकडे मीटरवर पोट असणाऱ्यांना मात्र एक सांगणं. आपण जूनच्या आधी फ्रिज विटांवर चढवतो, कागदपत्रं माळ्यावर नेतो. त्याच सुमाराला मीटर उघडा, आठ पायांची चिप वाचून घ्या किंवा माझ्यासारख्या कुणाकडून वाचून घ्या, आणि ती २५६ बाइटची फाइल मोबाइलमध्ये ठेवा. चिप गंजली तर नवी दहा-वीस रुपयांत मिळते, तिच्यात काय लिहायचं ते दुसरीकडे कुठेच मिळत नाही. फाइलच्या नावात त्या मीटरचा सीरियल नंबर घाला. दोन मीटर असतील तर नक्कीच.